पटकी : उंबरठ्यावरच थोपवता येणारा आजार

मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्यासारख्या कुटुंबवैद्यांच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. कुणाला रात्रीपासून जुलाब होत असतात, कुणाच्या मुलाच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नसतो. यांपैकी बहुतेक जण दोन-चार दिवसांत बरे होतात. म्हणूनच त्या गर्दीत एखादा पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, रुग्ण बसलेला असला तर तो चटकन ओळखू येत नाही. माझ्याही आला नव्हता. ती हकिकत प्रथम सांगतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्याचा आधार तीच आहे.

व्यवसायास आरंभ केल्यानंतरचा तो माझा दुसरा पावसाळा. तालुक्याच्या गावी नुकतीच पाटी लावली होती. एका संध्याकाळी हमाली करणारा एक तरुण जुलाबांनी हैराण होऊन आला. मी त्याला सलाईन लावले, औषधे दिली; रात्री तो चालत घरी गेला. दोन दिवसांनी त्याच आळीतून तिघे जण त्याच तक्रारीने आले. चौघांचीही आळी एक, नळ एक, हे माझ्या ध्यानात आले होते. आरोग्य केंद्रात कळवावे असेही वाटले. पण दवाखान्यात गर्दी होती, मी ते दुसऱ्या दिवसावर टाकले. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच आळीतील एका आजींना बाजेवर घालून आणले. डोळे खोल गेलेले, हातापायांची कातडी सुरकुतलेली, मनगटाला नाडी लागेना. सलाईनची सुई शिरेत जाईपर्यंत त्या गेल्या होत्या. त्यांची सून दाराशी उभी होती. ती म्हणाली, "रात्रभर पाणी मागत होत्या हो डॉक्टर. पण पाणी दिलं की उलटी व्हायची, म्हणून आम्ही दिलंच नाही."

त्या घरात दोन चुका झाल्या. तहानलेल्या रुग्णाला पाणी दिले गेले नाही, ही एक. ती अज्ञानातून झाली. त्या नळाचे पाणी दूषित असल्याची सूचना वेळेवर गेली नाही, ही दुसरी; ती माझी होती. गटारातून जाणारी जलवाहिनी तेथे फुटली होती, हे नंतर खणल्यावर दिसले. आज या लेखात आपल्याशी जे बोलणार आहे, ते या दोन्ही चुका पुन्हा कुणाच्या घरी होऊ नयेत म्हणून.

जुनी ओळख

या रोगाशी आपल्या भूमीची ओळख फार जुनी आहे. गावाच्या वेशीवरील मरीआईचे देऊळ हे त्या भीतीचेच स्मारक होय. कोकण आणि गोमंतकातील 'मोडशी' हा शब्द सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी उचलला. पुढे फ्रेंचांच्या कानी तो 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाच्या शब्दासारखा पडला आणि तसाच रूढ झाला. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले आहे. १८१७ मध्ये बंगालमधून निघालेली साथ देशोदेशी पसरली आणि तेव्हापासून जगात या रोगाच्या सात महासाथी मोजल्या जातात. सातवी १९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू झाली. ती अद्याप संपलेली नाही.

एकोणिसाव्या शतकात पंढरीची वारी आणि मोठमोठ्या जत्रा यांच्या पाठोपाठ पटकी येई. आज वारीच्या वाटेवर पाण्याचे स्रोत शुद्ध केले जातात, आरोग्यपथके सोबत असतात. तरीही हा रोग इतिहासजमा झाला, असे म्हणता येत नाही. २०२२ च्या पावसाळ्यात अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात, उघड्या विहिरीचे दूषित पाणी पिण्यात आले आणि पटकीने बळी घेतले.

आतड्यात काय घडते

पटकीचा जिवाणू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. रुग्णाच्या विष्ठेतून तो बाहेर पडतो आणि पाणी, अन्न, हात किंवा माशा यांच्या वाटेने दुसऱ्याच्या तोंडात जातो. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टरने मृतांची घरे नकाशावर मांडून एका हातपंपाकडे बोट दाखवले, तेव्हा हा जिवाणू रोगाचे कारण म्हणून कुणी मानत नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात त्याचा निर्णायक अभ्यास केला, तर तो माणसाला नेमका कशाने मारतो हे १९५९ मध्ये कोलकात्याच्याच डॉ. शंभुनाथ डे यांनी दाखवून दिले. हा जिवाणू आतड्याला जखम करीत नाही. तो एक विष सोडतो. त्या विषामुळे आतड्याच्या पेशी शरीरातील क्षार आणि पाणी आतड्याच्या पोकळीत ओतू लागतात. गंभीर रुग्णाच्या शरीरातून एका तासात एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. रोगाचा सारा घात या पाणी जाण्यात आहे. गेलेले पाणी आणि क्षार भरून काढले तर रुग्ण वाचतो, न भरले तर गंभीर रुग्णांपैकी निम्मेही दगावू शकतात. वेळेवर उपचार मिळाल्यास हेच प्रमाण शेकडा एकाच्याही खाली राहते.

संसर्ग झाल्यावर काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत केव्हाही लक्षणे दिसतात. जुलाब अचानक आणि भरभरून होतात, पोटात फारसे दुखत नाही, ताप बहुधा नसतो. मळाचा रंग जाऊन तांदळाच्या धुवणासारखे पाणी पडू लागते. सोबत उलट्या होतात, पायांत गोळे येतात. मात्र आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्यांच्या पोटात हा जिवाणू जातो, त्यांतील बहुतेकांना काहीच होत नाही किंवा किरकोळ जुलाब होतात. परंतु त्यांच्या विष्ठेतून तो काही दिवस बाहेर पडत राहतो. म्हणून 'आमच्या घरी कुणी आजारी नाही' एवढ्यावर हात धुण्याचे टाळता येत नाही.

पहिला उपचार घरातच

१९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धकाळात लक्षावधी निर्वासित सीमा ओलांडून बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. रुग्ण जमिनीवर दाटीने पडलेले आणि सलाईनचा साठा संपत आलेला. त्या वेळी डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. सुमारे तीस टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आले. हीच आपली जलसंजीवनी. आई, भाऊ, शेजारी यांनी पेल्याने पाजलेल्या त्या पाण्याने हजारो प्राण वाचले. डॉ. महालनोबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

हे पाणी काम कसे करते, हेही समजून घ्या. पटकीच्या विषाने आतड्यातून पाणी बाहेर पडत असले तरी साखर आणि मीठ यांना जोडीने आत घेणारी वाट उघडीच राहते. ही जोडी आत गेली की तिच्यामागून पाणीही आत जाते. नुसत्या पाण्याने किंवा नुसत्या मिठाने हे साधत नाही. साखर फार झाली तर उलट जुलाब वाढतात. म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे.

जलसंजीवनीची जी पुडी एक लिटरची असेल, ती पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम कालवावी. अर्धी पुडी अंदाजाने वापरू नये, वरून साखर घालू नये. तयार केलेले पाणी झाकून ठेवावे आणि चोवीस तासांत संपवावे. उरल्यास टाकून द्यावे. पुडी हाताशी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा घ्यावा, शीग भरून घेऊ नये.

प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बाळाला पाव ते अर्धा पेला, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला आणि त्याहून मोठ्यांना मागतील तितके पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबावे आणि मग चमच्याचमच्याने पुन्हा सुरू करावे. उलटी झाली तरी पाजलेल्यातील बराचसा भाग पोटात राहतो. पाणी तोडणे हा पटकीत सर्वांत घातक उपाय आहे, हे मी त्या आजींच्या सुनेकडून शिकलो. आपण ते या लेखातून शिकावे.

बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये. मोठ्यांना भाताची पेज, वरणाचे पाणी, मऊ भात, ताक, शहाळ्याचे पाणी द्यावे. उपाशी ठेवू नये. लहान मुलांना जुलाबानंतर चौदा दिवस झिंकच्या गोळ्या देतात. त्यांचे प्रमाण डॉक्टर किंवा आशाताई सांगतील. जुलाब 'बांधणारी' गोळी परस्पर घेऊ नये. तशीच सावधगिरी दुकानात मिळणाऱ्या फळांच्या चवीच्या गोड पेयांबाबत बाळगावी. त्यांत साखर फार आणि क्षार तोकडे असू शकतात. अशा पेयांच्या वेष्टनावर 'ओआरएस' ही अक्षरे वापरण्यास अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ मध्ये मनाई केली, ती याच कारणाने.

पुढीलपैकी काहीही दिसले तर मात्र वाट न पाहता रुग्णालय गाठावे : डोळे खोल जाणे, जीभ कोरडी पडणे, रडताना बाळाला अश्रू न येणे, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती सावकाश पूर्ववत होणे, सहा-आठ तास लघवी न होणे, ग्लानी येणे, पाणी पिण्याचेही त्राण न उरणे. वाटेतही जलसंजीवनी पाजत राहावे. मात्र शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या तोंडात काही घालू नये. रुग्णालयात शिरेतून द्रव देऊन काही तासांत ही तूट भरून काढता येते. प्रतिजैविक द्यायचे की नाही, ते तेथील डॉक्टर ठरवतील. साथ आली म्हणून घरातल्या सर्वांनी प्रतिजैविके घेण्याने साथ थांबत नाही. जिवाणू त्या औषधांना दाद देईनासे मात्र होतात.

पाणी : नळापासून पेल्यापर्यंत

शहरातील वाचकांना वाटेल, आमच्याकडे शुद्धीकरण केंद्राचे पाणी येते, आम्हाला काय भीती? भीती असते ती वाटेतल्या नळाची. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठरावीक वेळीच सोडले जाते. पाणी बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो आणि जेथे ती गळकी असेल तेथे बाहेरचे घाण पाणी आत शोषले जाते. पुष्कळ घरांत नळालाच थेट मोटार लावतात. त्या ओढीने गटाराचे पाणीही आत खेचले जाऊ शकते. तेव्हा नळाला मोटार लावू नका. पाणी आल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नका. पाण्याला वास आला तर तो आपल्याच घरी येतो की साऱ्या आळीत, हे शेजारी विचारा आणि तक्रार लेखी द्या.

साथीच्या दिवसांत पिण्याचे पाणी उकळावे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट ते तसेच ठेवावे आणि त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे. इंधनाची अडचण असेल तर क्लोरीनचे द्रावण किंवा गोळ्या वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरीनचे बळ मातीवरच खर्च होते, म्हणून असे पाणी आधी तुरटी फिरवून निवळू द्यावे आणि दुहेरी फडक्याने गाळून घ्यावे. तुरटीने गाळ बसतो, जिवाणू मरत नाहीत. म्हणून तेवढ्यावर थांबू नये.

शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित होते ते आपल्या हाताने. माठात पेला बुडवला की बोटेही बुडतात. तोटीचा माठ घ्यावा किंवा लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढावे. माठ रोज घासून भरावा आणि झाकून ठेवावा.

विहिरीवर अवलंबून असलेल्या वाचकांसाठी थोडे गणित देतो. मीटरमधील व्यासाचा वर्ग, गुणिले पाण्याची मीटरमधील खोली, गुणिले ०.७८५ केले की विहिरीत किती हजार लिटर पाणी आहे ते कळते. चांगल्या ब्लीचिंग पावडरीचे प्रमाण हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम असते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरते आणि त्याला सुमारे ७० ग्रॅम पावडर लागते. ती थोड्या पाण्यात कालवून, मग बादली पाऊण भरून ढवळावी. खाली चुना बसू द्यावा. वरचे निवळ दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने विहिरीत सोडावी आणि हिंदळून पाणी ढवळावे. चुना विहिरीत टाकू नये. निदान एक तास पाणी शेंदू नये. म्हणून हे काम रात्री करणे सोयीचे. साथ असेल किंवा पाणी फार गढूळ असेल तर प्रमाण वाढवावे लागते. ते आरोग्यसेवकाने ठरवावे. उघड्या पोत्यातील जुन्या पावडरीतून क्लोरीन उडून जातो. आपल्या ग्रामपंचायतीतील टीसीएलचे पोते केव्हाचे आहे आणि नळाच्या शेवटच्या टोकाच्या घरी ओटी चाचणी होते का, हे ग्रामसभेत विचारणे हा आपला अधिकार आहे.

हात, ताट आणि शौचालय

शौचानंतर, बाळाचे शौच धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. अन्न गरम असतानाच खावे. शिळे खायचे झाल्यास पुरते उकळून घ्यावे. पावसाळ्यात बाहेरची चिरलेली फळे, बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस आणि पाणीपुरीचे पाणी टाळावे. गोठवल्याने हा जिवाणू मरेलच असे नाही. जठरातील आम्ल हा या जिवाणूचा पहिला शत्रू. म्हणून आम्लपित्तावर दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांनी पाण्याबाबत अधिक जपावे. गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

घरात रुग्ण असेल तर त्याची विष्ठा आणि उलटी शौचालयातच टाकावी. उघड्यावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. लादी ब्लीचिंगच्या द्रावणाने पुसावी. कपडे आणि चादरी नदीवर किंवा सार्वजनिक नळावर धुवू नयेत. घरीच उकळत्या पाण्यात भिजवून धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. जी व्यक्ती रुग्णाची शुश्रूषा करते, तिने शक्यतो घरचा स्वयंपाक करू नये. ते जमणारे नसेल तर प्रत्येक वेळी साबणाने हात धुतल्यावाचून चुलीकडे वळू नये. रुग्णाशेजारी बसल्याने किंवा त्याला धीर देण्यासाठी हात धरल्याने रोग होत नाही. हात धुतले की पुरे. रुग्णाला वाळीत टाकू नये.

लशीविषयी

जत्रेपूर्वी दंडावर टोचलेली पटकीची लस वडीलधाऱ्यांना आठवत असेल. वाल्देमार हाफकिन यांनी १८९० च्या दशकात अशी लस भारतात प्रथम मोठ्या प्रमाणावर टोचली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. टोचण्याच्या त्या लशीचे संरक्षण अपुरे आणि काही महिन्यांपुरते असल्याने ती मागे पडली. आता तोंडाने घेण्याची लस आहे. तिच्या दोन मात्रा निदान दोन आठवड्यांच्या अंतराने घेतात. साथीच्या प्रदेशात तिचा चांगला उपयोग होतो. मात्र ती आपल्या नेहमीच्या लसीकरणात नाही आणि लस घेतली तरी पाणी उकळणे सुटत नाही.

कळवणे

शेवटी पुन्हा त्या आळीकडे येतो. आपल्या गल्लीत एकाच आठवड्यात दोन-तीन घरांत पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, किंवा एखादा धडधाकट माणूस जुलाबांनी काही तासांत कोलमडला, तर तो योगायोग समजू नका. आशाताईंना, प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला त्याच दिवशी कळवा. आपली शंका खोटी ठरली तरी त्यात कमीपणा नाही. ती खरी ठरली तर विष्ठेचा नमुना वेळेवर, शक्यतो प्रतिजैविक देण्याआधी, तपासणीस जातो. फुटलेली वाहिनी शोधली जाते, टँकर येतो आणि पुढची घरे वाचतात. आपल्या डॉक्टरांनाही विचारा : "तुम्ही कळवलेत का?" हा प्रश्न त्या वेळी मला कुणी विचारला असता तर मी निमूटपणे उठून आरोग्य केंद्रात गेलो असतो.

त्या प्रसंगानंतर माझ्या टेबलावर एक वही असते. जुलाबाचा रुग्ण आला की तारीख, आळी आणि पाणी कोठून भरता, या तीन गोष्टी मी त्यात लिहितो. एकाच आळीचे नाव दुसऱ्यांदा आले की दवाखाना उघडा ठेवून फोन करतो. आपणही या पावसाळ्यात दोन गोष्टी कराव्यात. जलसंजीवनीच्या चार पुड्या आणून स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवा, आणि त्या कशा कालवायच्या हे घरातील शाळकरी मुलालाही शिकवून ठेवा. रात्री-अपरात्री घरातील मोठी माणसे घाबरून जातात. त्या वेळी तांब्या भरून आणणारे कुणीतरी हवे.